वजनांचं वजन

वसुली कंपनीचं पत्र आलं तेव्हा गुंज टेबलाखाली होती.

हे टेबल म्हणजे दुकानाचं काळीज. सोनारांचे, औषधवाल्यांचे, प्रयोगशाळांचे नाजूक काटे दुरुस्त झाले की शेवटी ह्याच टेबलावर तपासले जात. टेबल तसूभर कललं तरी वरचा काटा खोटं बोलायला लागतो, म्हणून त्यावर अधूनमधून पाणसळ ठेवून बघायची असा बाबांचा दंडक होता. त्या दिवशी पाणसळीतला बुडबुडा एका कडेला जाऊन बसला होता. गुंजेनं खाली वाकून पाहिलं, तर मागच्या पायाखाली कागदांची एक जाड घडी, वर्षानुवर्षांच्या भारानं पुठ्ठ्यासारखी दबलेली. ती ओढून काढताच टेबल डुगडुगलं.

"हात लावू नकोस त्याला," वरून आई म्हणाली. "मोठ्या मुश्किलीनं जमवलंय ते."

आईच्या हातात एक ताजा लिफाफा होता. त्याच्या कोपऱ्यात लाल पट्टी होती, आणि गुंजेच्या हातातल्या चपट्या लिफाफ्यांच्या कोपऱ्यांतही तीच लाल पट्टी होती. आईनं जराही न ओशाळता सांगून टाकलं, की हो, ही सगळी त्यांचीच पत्रं. पत्र आलं की तुझ्या बाबांची झोप उडते, त्यांची उडाली की माझी उडते, म्हणून मी ती परस्पर कामाला लावली. कागद मात्र चांगला जाड वापरतात मेले.

मग आजचं का दाखवतेस, असं गुंजेनं विचारलं. आईनं लिफाफा पुढे केला. ह्या खेपेला पत्रावर बाबांचं नाव नव्हतं, दुकानाचं होतं.

प्रकरण जुनं होतं. गुंज शाळेत असताना लांबच्या एका गावातली कार्यशाळा बंद पडली आणि तिथली प्रमाण वजनांची पेटी बाबांनी विकत घेतली. प्रमाण वजनं म्हणजे वजनांमधली वडीलधारी मंडळी. बाजारातल्या एखाद्या वजनाच्या चालचलणुकीविषयी शंका आली की त्याला ह्यांच्यासमोर नेऊन उभं करायचं. विसाची चार, दहाची चार आणि त्यांची लाकडी पेटी असा तो माल एका मालवाहू कंपनीच्या गाडीनं आला. कंपनीच्या गोदामातल्या मापाड्यानं पेटी मोठ्या काट्यावर चढवली, वजन केलं आणि पावती फाडून दिली. एकशे चाळीस किलो.

बाबांनी पावती वाचली, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचली. एकशे वीस किलोची वजनं, अकरा किलोची पेटी. एकशे एकतीस. ह्यात त्रैराशिक नव्हतं की बीजगणित नव्हतं. पण कंपनीचा नियम असा, की माल वजनाच्या एका हद्दीपलीकडे गेला की भाड्याचा दर दुप्पट, आणि बाबांची पेटी हद्दीच्या अलीकडे असली तरी पावती पलीकडे जाऊन उभी होती. बाबांनी एकशे एकतीस किलोचं भाडं मोजून दिलं, उरलेलं वजन तुमचं आहे ते तुम्हीच ठेवून घ्या असं खिडकीतल्या कारकुनाला सांगितलं, आणि पेटी घेऊन घरी आले. कंपनीनं काही वर्षं पत्रं लिहिली, मग कंटाळून अशी सगळी जुनी येणी एका वसुली कंपनीला विकून टाकली. तिनं मूळ रकमेवर व्याज चढवलं, व्याजावर दंड चढवला, आणि आता तो मनोरा दुकानाच्या दारात आणून उभा केला होता.

"ज्या वजनांना विचारून सगळं गाव तोलतं, त्यांचं वजन हा मापाडी मला सांगणार," असं बाबा म्हणत. हे वाक्य घरात इतक्या वेळा म्हटलं गेलं होतं, की ते सुरू झालं की आई भाजी चिरताना त्याच्या तालावर सुरी चालवायची.

पण ह्या वेळी पत्र पायाखाली घालून भागणार नव्हतं. बाबांचा हात हल्ली कापायला लागला होता. चिमट्यानं उचललेलं बारीक वजन पारड्यात जायच्या आधी हवेतच दोनदा विचार बदलायचं. त्यांनी स्वतःच एके दिवशी काम खाली ठेवलं आणि दुरुस्त काट्यांच्या सीलवर ठोकायचा शिक्का आता तुझ्या हाती, असं गुंजेला सांगितलं. ती पदार्थविज्ञानाची पदवी घेऊन सरळ दुकानात येऊन बसली तेव्हा नातेवाइकांनी हळहळ व्यक्त केली होती, पण तिला लहानपणापासून दुसरं काही नकोच होतं. जन्मली तेव्हा एवढीशी होती म्हणून बाबांनी तिला सोनाराच्या सगळ्यात लहान वजनाचं नाव ठेवलं होतं, आणि ते नाव खरं करून दाखवावं असं तिनं मनाशी धरलं होतं. वजनमापं कार्यालयात परवाना तिच्या नावावर करण्याचा अर्ज भरून तयार होता. एकच अट उरली होती, दुकानाच्या नावावर कुणाचं देणं थकलेलं नसावं. महिनाअखेर बाबांच्या परवान्याची मुदत संपत होती. तोवर तो तिच्या नावावर झाला नाही तर दुकानाचा क्रमांकच रद्द होणार, आणि मग गुंजेला दुसऱ्या कुणाच्या तरी दुकानात उमेदवारीपासून सुरुवात करावी लागणार. आणि पत्र म्हणत होतं, की त्याच महिनाअखेरपर्यंत लेखी उत्तर आलं नाही तर दुकानाचं नाव थकबाकीदारांच्या यादीत जाईल.

आईचं मत, पैसे द्यावेत आणि मोकळं व्हावं. रक्कम काही घर विकावं अशी नव्हती. बाबांनी ते शांतपणे ऐकून घेतलं, म्हणजे गोष्ट गंभीर होती.

"पैसे दिले म्हणजे एकशे चाळीस कबूल केलं," ते गुंजेला म्हणाले. "आणि एकशे चाळीस कबूल करणाऱ्याच्या हातून तू शिक्का कशाला घ्यायचा?"

तेव्हा ती कागद घेऊन बसली.

उत्तराचा पहिला मसुदा बाबांनी सांगितला. त्यात मापाड्याच्या अकलेविषयी बराच मजकूर होता. गुंजेनं तो पूर्ण लिहून घेतला, त्यांना वाचून दाखवला, त्यांचं समाधान झाल्यावर बाजूला ठेवला आणि दुसरा लिहिला. जे पाहिलं ते आधी, त्यावरून जे वाटतं ते नंतर, ही तिला प्रयोगवहीची सवय. हे बिल आम्हाला मान्य नाही. मान्य होतं तेवढं भाडं त्याच दिवशी दिलं, त्याची पावती सोबत. वजन कोणत्या काट्यावर, कसं केलं ते कळवावं. आणि शेवटी तिनं लिहिलं, की तोच माल अजून आमच्याकडे आहे. तुमचा माणूस समोर उभा करून त्याच काट्यावर तो पुन्हा तोलायला आम्ही तयार आहोत. मधल्या काळात त्याचं वजन बदललेलं नाही. न बदलणं हेच त्याचं काम आहे.

उत्तराला उत्तर म्हणून एक माणूसच आला. सडसडीत, हेल्मेटनं केस चपटे झालेले, चामडी बॅग छातीशी धरलेला. दारातच त्यानं सांगून टाकलं, की तो वसुलीचा आहे आणि त्याला आत बोलवायची सक्ती नाही. आईनं त्याला खुर्ची दिली, चहा दिला. त्यानं आधी खुर्चीकडे आणि मग चहाकडे संशयानं पाहिलं.

"तुमचं पत्र ऑफिसात सगळ्यांनी वाचलं, ताई," तो गुंजेला म्हणाला. "वजन करून बघा, असं आजवर कुणी लिहिलं नव्हतं. लोक बहुतेक तो माणूस वारला म्हणून कळवतात. किंवा कुत्रा सोडतात."

आई म्हणाली, की कुत्रा नाही आमच्याकडे, हे आहेत. बाबांनी ऐकलं नाहीसं दाखवलं.

वसुलीवाल्यानं बॅगेतून एक कागद काढला. मालवाहू कंपनीचं म्हणणं असं, की त्यांचा काटा तेव्हाही प्रमाणित होता आणि आजही आहे, त्याला रीतसर सील आहे, आणि तपासायचा असेल तर खुशाल तपासा. काटा खोटा निघाला तर बिल रद्द, खरा निघाला तर व्याजासकट सगळे पैसे. त्यालाही हे आवडलेलं दिसलं. त्याच्या कामात शेवट असलेल्या गोष्टी फार नसाव्यात.

"सील कुणीही ठोकतो," बाबा म्हणाले. "ठोकणारा कोण ते बघायला हवं."

गोदामाकडे निघायच्या आधी आईनं गुंजेला आत बोलावून आपलं चष्म्याचं घर तिच्या पिशवीत टाकलं. त्यात चष्मा नव्हता, नोटा होत्या. वाद वाढला तर देऊन टाक, बाबांना सांगू नकोस, एवढंच ती म्हणाली. सुंभ जळला तरी पीळ जाणार नाही ह्यांचा, पण तुझं दुकान जाता कामा नये.

गोदाम लांबरुंद, पत्र्याच्या छताचं, आणि पोत्यांच्या वासानं भरलेलं होतं. काटा दारालगत होता. खाली लोखंडी फलाट, त्याच्या एका टोकाला खांब, खांबावर आडवी पितळी दांडी, दांडीवर सरकतं वजन. मापाडीही तोच होता, आता पिकलेला, पोट सुटलेला, जाड भिंगांचा चष्मा घातलेला. बाबांना त्यानं ओळखलं नाही. काट्याला तो म्हातारा म्हणायचा. आमचा म्हातारा कधी खोटं बोलायचा नाही, असं त्यानं सगळ्यांना सांगितलं आणि खांद्यावरच्या फडक्यानं दांडी पुसली.

बाबा पेटी उतरवून घेत होते. तोवर गुंज फलाटाशेजारी बसून खाली डोकावली. सील कुठे असतं ते तिला ठाऊक होतं. मुख्य तरफेच्या बिजागरीपाशी, तारेत ओवलेला शिशाचा मणी. तिनं धुळीवरून अंगठा फिरवला. मण्यावर दोन समांतर रेषा उमटल्या, आणि त्यांच्या मधोमध एक ठिपका.

ही खूण ती पाटीवर अक्षरं गिरवायच्या आधी गिरवायला शिकली होती.

बाबांच्या शिक्क्याची खूण. काही वर्षं एक कंत्राटदार गाडी भरभरून मोठे काटे दुकानात आणून टाकायचा, बाबा ते दुरुस्त करून सील ठोकायचे, आणि काटे कुठे जातात हे कुणी विचारायचं नाही. हा त्यांतलाच. आता काटा खोटा निघाला तर बिल रद्द, पण बाबांचं सील खोटं, आणि खोट्या सीलच्या दुकानाचा परवाना कोण कुणाच्या नावावर करणार. काटा खरा निघाला तर सील खरं, पण मग एकशे चाळीसही खरं. इकडे आड, तिकडे विहीर, आणि दोन्ही बाबांनीच खणलेल्या.

तिचा हात पिशवीतल्या चष्म्याच्या घरावर गेला. आत्ता उठावं, वसुलीवाल्याला बाजूला घ्यावं, पैसे द्यावेत, बाबांना काही कळायच्या आत घरी जावं. ती उठलीसुद्धा. पण बाबा जवळ येऊन उभे होते, आणि त्यांचं लक्ष तिच्या काळ्या झालेल्या अंगठ्याकडे होतं. त्यांनी गुडघे वाजवत खाली बसून पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"बाबा, पैसे आहेत माझ्याकडे," ती हळूच म्हणाली. "देऊन टाकू आणि जाऊ."

"आईनं दिलेत ना? चष्म्याच्या घरात?"

तिनं मान हलवली.

"असू देत." ते तिच्या खांद्याचा आधार घेऊन उठले. "माझा काटा खोटा असेल तर ते मला कळायला हवं, गुंजे. रोज कितीतरी लोक ह्याच्यावर माल चढवतात." मग ते मापाड्याकडे वळले. "चला. तोला."

मापाड्यानं आधी रिकामा काटा दाखवला. ताठ उभं राहून त्यानं सरकतं वजन शून्यावर आणलं. दांडी हवेत आडवी राहिली, स्थिर. मग हातगाडीवरून पेटी फलाटावर चढली. तो पुढे झुकला, वजन दांडीवर सरकवत पार दूरच्या टोकाकडे नेलं, डोळे बारीक केले, आणखी झुकला.

"एकशे एक्केचाळीस," तो म्हणाला.

वसुलीवाल्यानं लिहून घेतलं, पण त्याला आनंद झालेला दिसला नाही. बाबा एका खोक्यावर बसले. आपलेच दात आणि आपलेच ओठ. आयुष्यभर दुसऱ्यांचे काटे ताळ्यावर आणणारा माणूस, आणि त्याचा स्वतःचा काटा गोदामाच्या दारात उभा राहून लोकांना लुबाडत होता.

गुंजेनं नजर दुसरीकडे वळवली, आणि ती दांडीच्या टोकावर पडली. टोक हलत होतं. फार नाही, केसभर. वर, खाली, पुन्हा वर. सावकाश, एका लयीत. तिला गंमत वाटली. लोखंडाची वजनं पेटीत ठेवली तर ती काही श्वास घेत नाहीत.

"अर्धी वजनं काढायची का?" तिनं विचारलं.

वसुलीवाल्यानं ते कशाला, असं विचारलं. तिनं बघू तर खरं, एवढंच सांगितलं आणि स्वतःच विसाची दोन आणि दहाची दोन खाली उतरवली. आता पेटीसकट एकाहत्तर किलो असायला हवं होतं. मापाडी पुन्हा झुकला, पुन्हा डोळे बारीक केले.

"एक्क्याऐंशी."

गुंजेनं मनातल्या मनात वजाबाकी केली, आणि मग तिला हसू आवरेना. बाबांनी मान वर केली.

"बाबा, चूक तेवढीच आहे," ती म्हणाली. "पूर्ण पेटीला दहा, अर्ध्या पेटीलाही दहा."

बाकीच्यांना ह्यातलं काही कळलं नाही, पण बाबा खोक्यावरून उठून उभे राहिले. तिनं वसुलीवाल्यासाठी समजावून सांगितलं. तरफ बिघडलेली असेल, तर काटा प्रत्येक किलोमागे थोडं थोडं खोटं बोलतो. ओझं अर्धं झालं की खोटंही अर्धं व्हायला हवं. ओझं कमी होऊनही खोटं तेवढंच राहत असेल, तर खोटं काट्यात नाही. ते काट्यावर आहे. कुणीतरी काहीतरी वर ठेवलंय, दहा किलोचं, आणि ते श्वास घेतंय.

सगळ्यांनी फलाटाकडे पाहिलं. पेटीच्या पलीकडे, फलाटाच्या कडेवर, एक पाय होता. तपकिरी चप्पल, सैल पट्टा, आणि वर मापाड्याची पोटरी.

मापाड्यानंही पाहिलं. तो पाय आपला आहे की इथे कुणी विसरून गेलंय, अशा नजरेनं पाहिलं.

"काका," गुंज म्हणाली, "जरा खाली घेता का?"

त्यानं पाय खाली घेतला. दांडीचं टोक धाडकन खाली गेलं. बाबांनी पुढे होऊन कापऱ्या बोटानं वजन मागे सरकवलं, तिनं उतरवलेली वजनं पेटीत परत ठेवल्यावर पुन्हा पुढे सरकवलं, आणि ते थांबलं ते बरोबर एकशे एकतीसवर. दांडी आडवी, निश्चल, झोपलेल्या मांजरासारखी. इतक्या वर्षांनंतरही म्हातारा तसूभर ढळला नव्हता.

पहिल्यांदा हसला तो वसुलीवाला. त्यानं बॅग तोंडावर धरली, पण बॅग हलत होती.

मग उलगडा झाला. शून्याची खूण खांबाजवळ, डोळ्यांसमोर, म्हणून रिकामा काटा तो ताठ उभा राहून लावायचा. भारी मालाचे आकडे दांडीच्या दूरच्या टोकाला. नजर आधीपासून अधू, म्हणून पुढे झुकायचं, आणि झुकलं की तोल सावरायला पाय आपोआप कडेवर. इतकी वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण कापडाच्या गठ्ठ्याला स्वतःचं वजन ठाऊक नसतं. स्वतःचं वजन ठाऊक असलेली एकच पेटी ह्या दारातून आत आली होती, आणि ती बोलली तर तिच्यावर बिल लागलं.

"तेव्हा नऊ होतं, आता दहा झालंय," बाबा म्हणाले. "तब्येत सुधारलीय तुमची."

मापाडी हसला नाही. त्याच्या कपाळावर घाम आला होता. म्हणजे एवढी वर्षं मी लोकांना माझ्या पायाचं भाडं लावलं, असं तो पुटपुटला, आणि हे वर कळलं तर ह्या वयात मला दाराबाहेर काढतील, असंही. बाबांनी त्याच्याकडे पाहिलं. ज्याच्या अकलेचा उद्धार करण्यात त्यांची इतकी वर्षं मजेत गेली होती, तो माणूस हाच. पण ते त्याच्या शेजारी खोक्यावर जाऊन बसले आणि काट्याखाली बोट दाखवून म्हणाले, की ते सील माझं आहे. मी काटा तपासला, पण तो कोण वापरणार, तो कुठे उभा राहणार, त्याला आकडे दिसणार का, हे विचारलं नाही. अर्धं काम तुमचं चुकलं, अर्धं माझं.

मापाड्यानं थोडा विचार केला आणि मग सांगितलं, की साहेबांना तो स्वतःच सांगेल. दुसऱ्या कुणी सांगण्यापेक्षा ते बरं. त्यानं खरोखरच सांगितलं, आणि साहेबांनी त्याला काढलं नाही. त्यांनी फलाटाभोवती पिवळा पट्टा रंगवून घेतला आणि पट्ट्याच्या आत माणसांनी येऊ नये अशी पाटी लावली. पुढे गोदामात कुणी कामात लुडबूड केली की त्याला पाय काढ म्हणायची पद्धत पडली.

वसुलीवाल्यापुढे मात्र पेच होता. प्रकरण बंद करायला त्याच्या कागदावर कारण लिहावं लागे, आणि ठरल्याप्रमाणे काटा खोटा निघाला तरच बिल रद्द होणार होतं. काटा तर खरा निघाला होता. पाय असं लिहिलं तर ऑफिसात त्याला रजा घ्यायला सांगतील. गुंजेनं कागद पेटीवर ठेवला आणि त्याच्यासाठी मजकूर लिहून दिला: मालाचं वजन दोन्ही पक्षांसमोर त्याच काट्यावर पुन्हा केलं. काटा अचूक आहे. मूळ नोंदीत माल सोडून आणखी काही भार मोजला गेला होता. तो भार ह्या दुकानाचा नव्हता.

त्यानं दोनदा वाचलं, खाली साक्षीदार म्हणून सही केली, आणि कुणाचा होता असं विचारलं तर काय सांगू, एवढंच विचारलं. मापाडी म्हणाला, खुशाल माझं नाव सांगा.

महिना संपायच्या आत परवाना गुंजेच्या नावावर झाला. शिक्का हातात देताना बाबांनी त्याची दांडी फडक्यानं पुसली. तिचं पहिलं काम त्याच गोदामात निघालं. म्हाताऱ्याला उघडून तिनं धूळ काढली, तरफांच्या धारा घासल्या, दोन रेषा आणि ठिपक्याचा नवा मणी तारेत ओवला. मग मापाड्याला खांबाजवळ उभं केलं, झुकायला लावलं, आणि त्याचा पाय कुठे जातो ते खडूनं जमिनीवर आखून घेतलं.

त्या मापाचं, पाय टेकायला एक पायठाणं बाबांनी घरी बसून केलं. सागवानी, कडा गोल केलेल्या, फलाटाला स्पर्श होणार नाही असं बेतलेलं. हात कापत होता म्हणून वेळ लागला, पण लाकडाला घाई नव्हती. वर रबराची पट्टीही लावली, चप्पल घसरू नये म्हणून.

आईनं ते उचलून पाहिलं, फिरवून पाहिलं, आणि सागवान कितीला पडलं ते विचारलं. बाबांनी सांगितलं.

"एवढ्यात तर ते बिल केव्हाच फिटलं असतं," ती म्हणाली.

"फिटलं असतं," बाबा म्हणाले. "पण काकांचा पाय तिथेच राहिला असता."

त्याच आठवड्यात लाल पट्टीचा शेवटचा लिफाफा आला. प्रकरण बंद केल्याचं त्यात दोन ओळींत कळवलं होतं. गुंज पुन्हा टेबलाखाली होती. चपटी घडी तिनं जागेवर सरकवली होती, पण वरचा बुडबुडा अजून जरासा कडेलाच रेंगाळत होता. आईनं पत्र वाचलं, कागद बोटांत चाचपला आणि नाराज होऊन म्हणाली, की आता गरज संपल्यावर कागदसुद्धा पातळ वापरायला लागले. मग चौघडी घालून तिनं तो खाली गुंजेच्या हातात दिला.

बुडबुडा हलला, आणि मध्यावर येऊन थांबला.